अपंगांसाठी साहाय्यक साधने: कोठे मिळतात, कशी निवडावीत

घरातील कर्त्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, रेल्वे अपघातात कोणाचा पाय जातो, किंवा वर्षभराच्या बाळाला ऐकू येत नाही असे निदान होते. पहिले काही दिवस रुग्णालयाच्या धावपळीत जातात. त्यानंतर मात्र कुटुंबासमोर असे प्रश्न उभे राहतात की ज्यांची उत्तरे रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसतात. चाकांची खुर्ची कोठून आणावी? कृत्रिम पाय किती दिवसांनी बसवता येतो? श्रवणयंत्र सरकार देते म्हणतात, ते कोणत्या कार्यालयात? सदर लेखात ह्या प्रश्नांची माहिती मुख्यतः मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील श्रद्धावंतांना उपयोगी पडेल अशा रीतीने एकत्र दिली आहे. नियम राज्यभर सारखेच असल्याने पुणे, नाशिक वा अहिल्यानगर येथील वाचकांनाही तिचा उपयोग होईल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. साहाय्यक साधन हे चष्म्यासारखे असते. शेजाऱ्याचा चष्मा आपण डोळ्यांवर चढवीत नाही; परंतु चाकांची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र ह्यांच्या बाबतीत मात्र जे मिळाले ते घ्यावे अशीच आपली रीत आहे. त्यामुळे मोठ्या मनाने दान केलेली कित्येक साधने माळ्यावर किंवा पलंगाखाली पडून राहतात आणि ज्याच्यासाठी ती आणली तो मनुष्य खाटेवरच राहतो. म्हणून प्रथम तपासणी, मग माप, नंतर साधन व शेवटी त्याची देखभाल, हा क्रम कोणी मोडू नये. फुकट मिळत असले तरीही.

शब्दांविषयी थोडेसे. शासनाने गेल्या दहा वर्षांत 'अपंग' ह्या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे. सर्व अर्ज, योजना व कार्यालये आता त्याच नावाने चालतात, म्हणून अर्ज शोधताना तोच शब्द वापरावा. बोलण्यात कोणता शब्द वापरावा हे मात्र ज्याचे त्यालाच विचारणे बरे.

प्रमाणपत्र व ओळखपत्र

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते नव्या कायद्यात एकवीस झाले. अंधत्व, बहिरेपणा, हातापायांचे अपंगत्व, बौद्धिक अक्षमता ह्यांच्या जोडीला पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचा ऱ्हास, ठेंगणेपणा, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल ह्यांचाही आता त्यांत समावेश आहे. सिकलसेलचा उल्लेख मुद्दाम करीत आहोत, कारण आदिवासी भागातील अनेक कुटुंबांना हा आजार ठाऊक असतो, पण त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते हे ठाऊक नसते.

प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' ह्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. जून २०२१ पासून देशभर सर्व प्रमाणपत्रे ह्याच मार्गाने दिली जातात. छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा, आधार कार्ड व रहिवासाचा पुरावा एवढे कागद लागतात. आजाराचे जुने तपासणी अहवाल असल्यास ते सोबत असू द्यावेत. अर्ज भरताना ठरलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागते. तेथील डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी ठरवतात व नंतर 'यूडीआयडी' हे ओळखपत्र घरी येते. त्यावरील पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: चाळीसपेक्षा कमी असल्यास पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी व त्यापुढे निळा. बहुतेक सवलतींची किमान अट चाळीस टक्के आहे. अर्जावर तीन महिन्यांच्या आत निर्णय व्हावा असे २०२४ चे सुधारित नियम सांगतात. त्याहून अधिक काळ लागल्यास अर्ज क्रमांक दाखवून लेखी विचारणा करावी.

लहान मुलांना तसेच ज्यांची प्रकृती सुधारण्याची शक्यता आहे अशांना ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. ती मुदत संपली की ओळखपत्रावर अवलंबून असलेली मदतही थांबते. मुदतीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, हा साधा उपाय आहे. आणखी एक सूचना करावीशी वाटते. जादा टक्केवारी मिळवून देतो असे सांगणारे दलाल भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही शिक्षा दलालाऐवजी अर्जदाराच्याच पदरी पडण्याची शक्यता अधिक.

चाकांची खुर्ची

आपल्याकडे चाकांची खुर्ची म्हटली की रुग्णालयाच्या दारात उभी असते तीच डोळ्यांसमोर येते. ती खुर्ची रुग्णाला क्ष-किरण विभागापर्यंत नेण्यासाठी केलेली असते. दिवसाचे दहा तास तीत बसून राहण्यासाठी ती नव्हे. तिच्या बैठकीची रुंदी साधारण १८ इंच असते. सडपातळ बांध्याची स्त्री किंवा दहा वर्षांचे मूल तीत बसले की शरीर एका बाजूला कलते. काही महिने असेच बसल्यावर पाठीचा कणा वाकू लागतो आणि तो बाक मग औषधाने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनसंपत्तीच्या प्रदेशांसाठी चाकांच्या खुर्च्यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंदणी, तपासणी, योग्य खुर्चीची शिफारस, पैशांची व मागणीची व्यवस्था, खुर्ची तयार करणे, ती व्यक्तीला बसवून पाहणे, वापराचे शिक्षण व पुढील दुरुस्ती. वाटपाच्या सोहळ्यात बहुधा ह्यांतील एकच पायरी पार पडते.

मापे घरीही घेता येतात, परंतु भौतिकोपचारतज्ज्ञाकडून घेतलेली अधिक चांगली. व्यक्तीला कठीण पृष्ठभागावर सरळ बसवावे. कमरेच्या सर्वांत रुंद भागाचे माप घ्यावे. बैठक त्याहून साधारण दोन-तीन सेंटिमीटरच अधिक असावी. पार्श्वभागाच्या मागील कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठकीची खोली त्याहून तीन ते सहा सेंटिमीटर कमी असावी, नाहीतर बैठकीची कड पोटरीला रुतते किंवा माणूस पुढे घसरतो. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचे माप पायपट्टीसाठी लागते. पायपट्टी फार वर असेल तर सगळा भार बैठकीच्या हाडांवर पडतो.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने जीव गेलेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांची कमरेखालची संवेदना गेलेली आहे त्यांना टोचणारी, दाबणारी गोष्ट जाणवत नाही. काही तास एकाच जागी भार पडला की तेथील रक्तपुरवठा थांबतो, कातडी लाल होते आणि मग जखम होते. शय्याव्रण म्हणतात तो हाच, आणि तो खाटेवर होतो तसा खुर्चीतही होतो. जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला तर जिवावर बेतते. अशा व्यक्तीला योग्य गादीशिवाय खुर्ची देणे म्हणजे अर्धवट औषध देणे होय. गादी खुर्चीबरोबरच मागावी. दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन शरीर उचलणे अथवा पुढे व बाजूला झुकून भार हलवणे, आणि रोज रात्री आरशाने किंवा घरच्यांच्या नजरेने कातडी तपासणे, हे शिकवूनच खुर्ची घरी न्यावी.

घराभोवतीची जमीनही पाहावी लागते. वसईच्या किनारपट्टीवरील गावांत वाळूच्या वाटा, वाडीतील कच्चे रस्ते, पावसाळ्यातील चिखल असतो. पुढची लहान चाके तेथे रुततात. अशा ठिकाणी पुढील चाके मोठी व रुंद असलेली किंवा लांब बांधणीची तीन चाकांची खुर्ची उपयोगी पडते. शहरातील सदनिकेत उलट अडचण येते: खुर्ची उत्तम असते, पण न्हाणीघराच्या दारातून जात नाही. म्हणून खुर्ची घेण्यापूर्वी घरातील सर्व दारांची रुंदी मोजावी. कधी कधी दार काढून पडदा लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

हाताने चालवायची तीनचाकी सायकल व बॅटरीवरील तीनचाकी ही घराबाहेरची वाहने आहेत. घरात वावरण्यास ती निरुपयोगी. दोन्ही गरजा असतील तर अर्जात तसे लिहावे.

काही वृद्ध मंडळी खुर्चीत बसण्यास तयार होत नाहीत. खुर्ची म्हणजे शेवट आला असे त्यांना वाटते. दिवंगत पोप फ्रान्सिस मे २०२२ पासून गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीतून लोकांसमोर येऊ लागले आणि त्यानंतर त्यांनी कॅनडा, काँगो, मंगोलिया, इंडोनेशिया असे दूरदूरचे दौरे केले. आपल्या आजोबांना हे सांगून पाहावे.

कृत्रिम पाय

पाय कापल्यानंतर जखम भरून उरलेल्या भागाची सूज उतरेपर्यंत कृत्रिम पाय बसवता येत नाही. ह्या काळात त्या भागाला योग्य रीतीने पट्टी बांधणे व सांधा आखडू न देणे आवश्यक असते. गुडघ्याखाली उशी ठेवून पडून राहिल्यास गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे उत्तम पाय मिळूनही चालता येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या आठवड्यातच भौतिकोपचार सुरू करावा तो ह्यासाठी.

जयपूर फूट सर्वांना ठाऊक आहे. शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला. परदेशी बनावटीचा पाय बुटाशिवाय चालत नसे. ह्या रबरी पायाने अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते आणि भाताच्या खाचरात उतरता येते. शेतकऱ्याला व कोळ्याला हाच फरक महत्त्वाचा. १९७५ साली स्थापन झालेली जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवते आणि मुंबईसह अनेक शहरांत तिची केंद्रे व शिबिरे असतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही १९५५ पासूनची केंद्र शासनाची संस्था आहे. कृत्रिम अवयव, कॅलिपर, भौतिकोपचार व व्यवसायोपचार हे सर्व तेथे एकाच छपराखाली मिळते. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कार्यरत असून नागरिकांनाही तेथे सेवा मिळते.

वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय वर्षा-दीड वर्षात तोकडा पडतो. एकदा मिळाला म्हणजे झाले असे समजू नये. मधुमेहामुळे पाय गमावलेल्यांनी तर उरलेल्या पायाची काळजी डोळ्यांत तेल घालून घ्यावी: रोज तळवा पाहावा व कधीही अनवाणी चालू नये.

ऐकण्याची साधने

मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था वांद्रे रेक्लमेशन येथे आहे. ती १९८३ साली स्थापन झाली. श्रवणतपासणी, श्रवणयंत्र, वाचोपचार व पालकांचे मार्गदर्शन ह्यांसाठी मुंबई परिसरातील कुटुंबांनी प्रथम येथेच जावे असे आमचे मत आहे. केंद्र शासनाच्या योजनेतून पात्र कुटुंबांना श्रवणयंत्र येथे मिळते. बालकांच्या कानातील कॉक्लियर रोपणासाठी देशभरातील अर्जांचे काम ह्याच संस्थेकडे आहे.

बालकाच्या बाबतीत वेळ हीच सर्वांत मोठी गोष्ट. भाषा शिकण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. 'त्याचे वडीलही उशिरा बोलले' असे म्हणून दोन-तीन वर्षे दवडणारी घरे पुष्कळ आहेत. आवाज करूनही बाळ दचकत नाही, वळून पाहत नाही अशी शंका आल्यास बेरा नावाची तपासणी करून घ्यावी. ती झोपलेल्या बाळावरही होते व वेदनारहित असते. यंत्र बसवल्यावर कानातील साचा मूल वाढेल तसा पुन्हा पुन्हा करावा लागतो. सैल साच्यातून शिट्टीसारखा आवाज येतो, मूल यंत्र काढून फेकते आणि पालकांना वाटते की यंत्रच नको आहे. बॅटरीचा मासिक खर्च किती येईल, हेही आधीच विचारून घ्यावे.

यंत्राने सर्वांनाच ऐकू येते असे नाही. अशांसाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही. ह्या क्षेत्रात ख्रिस्तसभेचा हातभार जुना आहे: भारतातील मूकबधिरांची पहिली शाळा मुंबईत बिशप लिओ म्युरिन ह्यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास सुरू झाली. ती संस्था माझगावात आहे.

दृष्टिहीनांसाठी

पांढरी काठी ही स्वस्त वस्तू, पण तिचेही माप असते. उभे राहिल्यावर ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. तोकड्या काठीने खड्डा कळतो तो पाय पडल्यावरच. काठीने चालणे हे शिकावे लागते. घरच्या वाटेवर, बाजारात, रेल्वे फलाटावर प्रशिक्षक सोबत घेऊन काही आठवडे सराव करावा लागतो. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजेच नॅब, ह्या शिक्षणासाठी तसेच ब्रेल व ध्वनिपुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये बाजारात आली. गुडघ्याच्या वरचे अडथळे, जसे उघडी खिडकी किंवा उभ्या टेम्पोचा मागचा भाग, ती कंपनाने कळवते. साधी काठी फक्त जमिनीवरचे सांगते.

शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांचे संसाधन केंद्र अतिशय उपयुक्त आहे. येशूसंघीय धर्मगुरूंच्या ह्या महाविद्यालयात ते २००३ पासून चालते. पडदा वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, पुस्तके वाचनीय स्वरूपात आणण्याची सोय, नव्या साधनांची प्रत्यक्ष ओळख असे त्याचे काम आहे. 'एनव्हीडीए' ही पडदावाचक प्रणाली संगणकावर विनामूल्य घालता येते, तर अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आधीपासूनच असते. महागडे यंत्र घेण्यापूर्वी हातातल्या फोनचा पुरेपूर उपयोग करून पाहावा. शासनाचे 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. परीक्षेत लेखनिक व दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी शाळेकडे वर्षाच्या आरंभीच अर्ज करावा.

पैसा कोठून

साधनांसाठी केंद्र शासनाची मुख्य योजना 'ॲडिप' ह्या नावाने ओळखली जाते. ती १९८१ पासून चालू आहे. कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधन पूर्णपणे विनामूल्य, आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत मिळते. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक हवे. एकदा साधन घेतल्यावर त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे. चुकीच्या मापाची खुर्ची घेऊ नये असे वर म्हटले त्याचे हेही एक कारण: ती घेतली की पुढची तीन वर्षे हक्क अडकून बसतो. बॅटरीवरील तीनचाकीसाठी वय किमान सोळा व अपंगत्व तीव्र असावे लागते. बहुतेक साधने कानपूरच्या 'अलिम्को' ह्या सरकारी कारखान्याची असतात. शिबिर दोन टप्प्यांत होते, आधी तपासणी व काही काळाने वाटप. तपासणीच्या दिवशी त्या व्यक्तीला स्वतः नेणे अत्यावश्यक आहे. आधार कार्ड देऊन नातेवाइकाला पाठवू नये.

शाळेत जाणाऱ्या मुलांना 'समग्र शिक्षा' योजनेतून साधने मिळतात. त्यासाठी मुख्याध्यापक व तालुक्याचे गट साधन केंद्र ह्यांच्याशी बोलावे. गरीब ज्येष्ठ नागरिकांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. तीतून काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, दाताची कवळी अशा वस्तू दिल्या जातात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रात न बसणाऱ्या वृद्धांना हा मार्ग सोयीचा.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका ह्यांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा राज्यात नियम आहे. हा निधी बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने खर्च होतो किंवा शिल्लक राहतो. गावातील पाच-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारला तर काम लवकर होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांची मासिक रक्कम राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये केली. त्यासाठी अर्ज तहसील कार्यालयात करावा. कर्ज काढून व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. कोणत्याही कार्यालयाने हक्क नाकारल्यास पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

प्रवासासाठी एसटीच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत ठरावीक प्रकारच्या अपंगत्वालाच मिळते व त्यासाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते. ज्यांना सोबतीशिवाय प्रवास शक्य नाही अशांच्या सोबत्यालाही ती लागू होते.

धर्मग्रामात काय करता येईल

सेंट विन्सेंट डी पॉल संघटनेला व लघु ख्रिस्ती समूहांना घराघरातील स्थिती माहीत असते. एखाद्या सणाच्या निमित्ताने दहा खुर्च्या विकत घेऊन वाटण्यापेक्षा त्याच पैशांत साधनपेढी उभारणे आम्हाला अधिक योग्य वाटते. हाड मोडल्यावर सहा आठवड्यांसाठी लागणाऱ्या कुबड्या, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी, वर-खाली होणारी खाट ह्या वस्तू अल्पकाळासाठीच लागतात व घरोघर फिरू शकतात. एक नोंदवही, थोडी अनामत रक्कम व वस्तू परत आल्यावर धुऊन तपासणारा एक माणूस एवढे पुरते. कायमची खुर्ची, कृत्रिम अवयव व श्रवणयंत्र मात्र पेढीतून देऊ नयेत. त्यासाठी त्या व्यक्तीला तपासणीस नेण्याचे भाडे द्यावे. अर्ज भरून देणे आणि रुग्णालयात सोबत जाणे ही देखील मोठी मदत आहे, कारण रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक दिवस बुडणे म्हणजे त्या दिवसाची चूल अडणे.

चर्चच्या पायऱ्यांचाही विचार व्हावा. उतरत्या मार्गाचे प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या असतील तर चढण ७५ सेंटिमीटर, आणि मार्ग ९ मीटर लांब. रुंदी किमान १.२ मीटर असावी, दोन्ही बाजूंना कठडा असावा व लादी गुळगुळीत नसावी. त्याहून उंच चढायचे असल्यास मध्ये सपाट थांबा द्यावा. जागा नाही म्हणून केलेला तीव्र उताराचा रॅम्प नसलेल्यापेक्षा धोक्याचा, कारण खाली येताना खुर्ची आवरत नाही. आत गेल्यावर खुर्ची कोठे ठेवायची हेही ठरलेले असावे. बाकांच्या ओळीतून एक आखूड बाक काढला की ती व्यक्ती मिस्सेच्या वेळी वाटेत किंवा मागच्या भिंतीशी न बसता आपल्या कुटुंबाशेजारी बसू शकते. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीपुरते न राहता बंधनकारक असावेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे, तेव्हा नवीन बांधकामांचे आराखडे करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

अठरा वर्षांनंतर

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेचे खाते, वारसा, शस्त्रक्रियेची संमती अशा वेळी अडचण येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येते. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. बाह्यरुग्ण उपचार व नियमित थेरपीही तिच्यात धरली जाते आणि विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, ते विसरू नये.

साधन हाती घेताना

वाटपाच्या दिवशी गर्दी असते, छायाचित्रे निघत असतात. तरीही घाई करू नये. खुर्चीत बसून दोन्ही ब्रेक ओढून पाहावेत व कोणाला तरी हलकेच ढकलण्यास सांगावे. कृत्रिम पाय घालून किमान पंधरा मिनिटे चालावे, मग पाय काढून कातडीवर लाल डाग उमटले आहेत का ते पाहावे; काही मिनिटांत न जाणारा डाग म्हणजे साचा दुरुस्त करण्याची गरज. श्रवणयंत्र गर्दीच्या आवाजातही ऐकून पाहावे. पावती, हमीपत्र व दुरुस्ती केंद्राचा पत्ता मागून घ्यावा. चाकाची हवा, सैल नटबोल्ट व तुटलेली पायपट्टी गावातील सायकल दुरुस्तीवाला नीट करून देऊ शकतो; त्याला खुर्ची एकदा आधीच दाखवून ठेवावी. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून महिन्यातून एकदा चाकांच्या आसांना तेल द्यावे आणि पावसाळ्यात खुर्ची उघड्यावर ठेवू नये.